टाकीतले पाणी मी काढले नाही, याबाबत

प्रति,
मा. मुख्य श्रम निरीक्षक,
जिल्हा श्रम निरीक्षण कचेरी,
कामेनदोल.

अर्जदार : रात्का कुझेस्का, वय ५६, धंदा कबरीच्या दगडांवर अक्षरे कोरणे, राहणार दगडवाल्यांची गल्ली, घर क्र. १९.

विषय : दिवंगत ट्रायान मिर्चेस्की यांच्या अपघाती मृत्यूच्या अहवालातील "मयताचा हलगर्जीपणा" हे शब्द काढून तेथे माझे नाव घालण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कचेरीचा अपघात अहवाल, दि. ९ डिसेंबर २०१३. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांस आलेली तीन उत्तरे.

महोदय,

हा माझा चौथा अर्ज आहे. आधीच्या तिन्ही अर्जांना आपल्या कचेरीने उत्तर दिले आणि तेही मुदतीत दिले, याबद्दल मी आभारी आहे. त्या उत्तरांत नियमाला सोडून काही नव्हते. घडले ते मात्र त्यांत नव्हते. म्हणून या खेपेस सगळे पहिल्यापासून मांडते. लांबण लागल्यास क्षमा असावी.

१. ट्रायान मिर्चेस्की हे कबरीचे दगड घडवणारे मिस्त्री होते. त्यांच्या शेडमध्ये आम्ही दोघेच काम करीत असू. फुले, क्रूस आणि चेहरे ते कोरत. नावे आणि तारखा मी. तेवीस वर्षे हीच वाटणी होती. दोघांचीही छिन्नी हवेवर चालणारी. हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मागच्या अर्ध्या भिंतीआड असे. तीनशे लिटरची आडवी टाकी, १९८६ सालची, हिरव्या रंगाची.

२. मिस्त्री कामात कसे होते हे अहवालात आलेले नाही. कपड्यांवरची भुकटी हवेच्या नळीने उडवायला ते कोणाला देत नसत. एकदा एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून नळी स्वतःच्या कोटाकडे धरली, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि त्याला शेडबाहेर उभे केले. दर सोमवारी ते सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघत. कॉम्प्रेसर हवा ओढतो ती जाळी दर आठवड्याला धूत, कारण संगमरवराची भुकटी कुठेही जाऊन बसते. नळ्यांचे सांधे तारेने बांधून ठेवत, सांधा निसटला तरी नळी फटके मारत सुटू नये म्हणून. ते म्हणत, "दगड पडताना दिसतो तरी. हवा आपण कोंडून ठेवलीय, रात्के, आणि ती दिसत नाही. म्हणून तिला विसरायचं नाही." मी तेवीस वर्षांत त्यांना विसरलेले पाहिले नाही.

३. टाकीतले पाणी काढणे हे काम २००१ सालापासून माझ्याकडे होते. हवा दाबली की तिच्यातली ओल पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते आणि काढले नाही तर पत्रा आतून खाते. आपणांस हे सांगण्याची गरज नाही, तरी लिहिते. का लिहिते ते पुढे कळेल. रोज संध्याकाळी काम संपले की टाकीतली हवा बरीचशी सोडायची, खाली वाकून तळाची तोटी उघडायची, पाणी निघून नुसती हवा फुसफुसू लागली की बंद करायची आणि खिळ्याला टांगलेल्या वहीत नोंद करायची. पाच मिनिटांचे काम आहे.

४. २०१२ च्या हिवाळ्याआधीपासून माझ्या बोटांत जीव राहिलेला नाही. हवेची छिन्नी वर्षानुवर्षे हातात थरथरत राहिली की असे होते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. दोन्ही हातांची मधली तीन-तीन बोटे थंडीत पांढरी पडतात आणि त्यांना काही कळत नाही. ब्लाउजचे बटण लागले की नाही हे मला आरशात बघावे लागते. ती तोटी पितळेची, लहान आणि जाम होती. मी पिळत असे, पण ती फिरली की माझीच बोटे तिच्यावरून घसरली, हे मला समजत नसे. सुरुवातीला थेंब-थेंब पाणी येई. पुढे तेही येईना. पाणी येत नाही म्हणजे टाकीत पाणी नाही, असे मी धरून चालले.

हे वाक्य खरे नाही. मी ते तसेच ठेवते आणि दुरुस्ती खाली लिहिते. कामेनदोलच्या पावसाळी शरदात टाकीत पाणी नाही असे होऊच शकत नाही, हे मला माहीत होते. तोटी आतून गंजाच्या गाळाने बुजली आहे हेही मी ओळखले होते. मिस्त्रींना सांगितले असते तर त्यांनी पाना घेऊन दोन मिनिटांत ती बदलली असती. पण मग त्यांनी विचारले असते, की तुला ती फिरवता का आली नाही. माझे हात बघितले असते तर माझ्या हातातली छिन्नी त्याच दिवशी काढून घेतली असती. मला दुसरे काम येत नाही. म्हणून सांगितले नाही.

५. चौदा महिने मी वहीत खोट्या नोंदी केल्या. रोज एकच लिहिले तर संशय येईल म्हणून उन्हाळ्यात "थोडे", पावसाळी दिवसांत "बरेच", आणि कडाक्याच्या थंडीत एकदा-दोनदा "तोटी गोठली होती, गरम पाणी ओतून उघडली" असेही लिहिले. मिस्त्री दर शनिवारी वही वाचत आणि खाली सही करीत.

६. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊ लागला. आधी टाकी भरायला आठ मिनिटे लागत. आता पाचांत भरे आणि तितक्याच लवकर रिकामी होई. मिस्त्रींनी घड्याळ लावून बघितले. म्हणाले, "हा आताशा चार घोट पिऊन तहान भागल्यासारखं करतोय. असं का?" त्याचे कारण एवढेच, की टाकीत हवेच्या जागी पाणी होते. ते मला कळले होते. मी म्हणाले, "मोटरचा पट्टा ढिला झाला असेल, मिस्त्री." पट्टा ढिला झाला तर भरायला उलट वेळ जास्त लागतो. त्यांच्या ते लक्षात आले की नाही मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "तू म्हणतेस तर बघू."

७. गुरुवार, दि. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी एका शिक्षिकेच्या दगडावर जन्मसाल कोरत होते. मिस्त्रींनी मला हात करून थांबायला सांगितले. कॉम्प्रेसर बंद केला. प्लग काढून तो स्वतःच्या खिशात घातला, म्हणजे चुकून कोणी लावू नये. मग पट्ट्यावरची संरक्षक जाळी उघडायला ते भिंतीआड गेले. टाकीतली हवा त्यांनी सोडली नव्हती. दाबाच्या काट्यावर आठचा आकडा होता. आठ म्हणजे रोजचाच दाब, जास्त नव्हे; म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह उघडण्याचा प्रश्नच आला नाही. टाकी तळाशी फाटली. आपल्या माणसांनी नंतर पत्रा मोजला. २००९ च्या तपासणीत तळाशी साडेतीन मिलिमीटर भरला होता. फाटला त्या जागी एकसुद्धा नव्हता. पुढची तपासणी २०१४ च्या वसंतात होती, म्हणजे ती चुकलेली नव्हती.

मी भिंतीआड गेले तेव्हा सगळीकडे तांबडे पाणी होते. मिस्त्री त्या पाण्यात पडले होते. मी त्यांचा हात धरला. तो गरम आहे की गार, हे मला कळले नाही.

८. आपले निरीक्षक श्री. लाझार दुपारी आले. त्यांनी मला काय झाले ते विचारले. माझे कान वाजत होते. मी म्हणाले, "पाणी. पाणी राहिलं." त्यांनी मागे वळून कोणाला तरी सांगितले, "मावशींना पाणी आणा आधी." मला पेला दिला. मी प्यायले. अहवालात "साक्षीदार धक्क्यात, जबाब घेण्यासारखी अवस्था नाही" असे नमूद आहे. श्री. लाझार यांचा यात दोष नाही.

९. अहवालाचा निष्कर्ष असा : "मयताने टाकीतील हवा न सोडता पट्ट्याचे काम हाती घेतले. टाकीचा गंज वयोमानानुसार आहे. पाणी काढण्याच्या नोंदी नियमित व समाधानकारक आहेत. सबब अपघात मयताच्या हलगर्जीपणामुळे घडला." अहवाल सरकारी वकिलांकडे गेला व प्रकरण मिटले. हवा सोडायला हवी होती हे मला मान्य आहे. परंतु टाकी धड असती तर ती न सोडल्याने कोणी मेले नसते, आणि भिंतीआड ते पट्टा बघायला गेले ते माझ्या सांगण्यावरून.

१०. पहिल्या अर्जात (जानेवारी) मी हे थोडक्यात कळवले. उत्तर आले की माझा दावा उपलब्ध नोंदींशी विसंगत आहे. नोंदींत पाण्याचे प्रमाणसुद्धा ऋतुमानानुसार कमी-जास्त दिसते, सबब त्या विश्वसनीय आहेत. दुसऱ्या अर्जात मी कळवले की त्या नोंदी मीच केल्या आणि त्या खोट्या आहेत. उत्तर आले की अहवालाविरुद्ध दाद दोषी ठरलेली व्यक्ती किंवा तिचे वारस यांनाच मागता येते. मी दोषी ठरलेली नसल्याने मला तो अधिकार नाही. खिडकीवरच्या ल्युप्काबाईंनी मला हळू आवाजात समजावले, "अहो मावशी, इथं लोक आपल्यावरचा ठपका काढायला येतात. लावून घ्यायचा तर माझ्याकडे फॉर्मच नाही." त्यांनी कपाट उघडून दाखवले. खरोखर नव्हता.

११. वारसांची सही आणावी म्हणून मी मार्चात मिस्त्रींच्या पत्नी श्रीमती वेलिका मिर्चेस्का यांच्याकडे गेले. त्या घेवडा निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी निवडणे थांबवले नाही.

"म्हणजे तू रोज खोटं लिहीत होतीस."

मी हो म्हणाले.

"आणि तो ते वाचून घरी येऊन मला सांगायचा, की रात्काचं काम चोख."

हे मला माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "मी सही केली की तुझं मन हलकं होईल. तुझं मन मी का हलकं करू?" त्यांनी पुढची मूठ निवडायला घेतली. त्या म्हणाल्या, "जाताना दार ओढून घे. वारा येतो." मी दार ओढून घेतले.

१२. तिसरा अर्ज मी मे महिन्यात केला. त्याच्या उत्तरासोबत आपल्या कचेरीने मला कामगार सुरक्षा वर्गाचे निमंत्रण धाडले. मी गेले. वर्गाच्या बाहेर व्हरांड्यात काचेच्या पेटीत आमची वही उघडी ठेवली होती. वर चिठ्ठी होती, "नोंदी कशा ठेवाव्यात". उघडलेल्या पानावर "तोटी गोठली होती, गरम पाणी ओतून उघडली" ही ओळ होती. शिकवणाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमोर माझी ओळख करून दिली. बावीस दगडवाल्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी उठून सांगितले, की हे खोटे आहे. गृहस्थ म्हणाले, "यांच्या मनावर फार परिणाम झाला आहे." मग त्यांनी पट्टा बदलण्यापूर्वी हवा कशी सोडावी हे शिकवले. चांगले शिकवले. पाण्याचा विषय वर्गात निघाला नाही.

१३. ऑगस्टच्या वीस तारखेला श्रीमती वेलिका आपण होऊन माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गल्लीत आता काय बोलतात माहितीय? कोणी मशीनला घाईनं हात घातला की म्हणतात, ए, ट्रायान करू नकोस." मी ते ऐकले होते. "चाळीस वर्षं काम केलं त्यानं. सगळी बोटं शाबूत घेऊन मेला. आणि त्याच्या नावाची म्हण केली लोकांनी." मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. सही केलेली होती. "हे तुझ्यासाठी नाही. तुला मी माफ केलेलं नाही, आणि करीन असंही धरून बसू नकोस. तो बेफिकीर नव्हता, एवढं मला त्या कागदावर पाहिजे." तो कागद सोबत जोडला आहे. आता वारसांची हरकत उरलेली नाही. सबब विषयात मागितलेली दुरुस्ती करावी, काचेतली वही काढावी, आणि माझे नाव सरकारी वकिलांना कळवावे. बोलावतील तेव्हा मी हजर राहीन.

१४. एका अर्जात एकच विषय घ्यावा असा आपला नियम ल्युप्काबाईंनी मला दोनदा सांगितला आहे. तो मोडून पुढचे लिहिते, कारण वेगळ्या अर्जाचे उत्तर यायला तीस दिवस लागतात.

श्रीमती वेलिका येऊन गेल्यावर मी पाना घेऊन गल्लीतल्या शेडी फिरले. अकरा ठिकाणी कॉम्प्रेसर आहेत. तोटी फिरते की नाही हे माझ्या बोटांना कळत नाही, म्हणून मी पान्यावर खडूची रेघ मारून घेतली आणि ती सरकते का ते डोळ्यांनी पाहिले. नऊ ठिकाणी पाणी निघाले, कुठे वाटीभर, कुठे जास्त. दहाव्या ठिकाणी, बोश्को यांच्याकडे, दोन बादल्या निघाले आणि शेवटी चहाच्या चोथ्यासारखा गंज. बोश्को भले गृहस्थ आहेत. त्यांनी त्याच वेळी मुख्य बटण पाडले. टाकीला ठिगळ लावून घेतो म्हणाले. मी सांगितले, की गंजलेल्या टाकीला वेल्डिंग करू नये, ती बाद करावी. त्यांनी ऐकले.

अकरावी शेड मेंदे रिस्टेस्की यांची. त्यांची टाकी आमच्या टाकीच्याच वर्षीची, त्याच कारखान्याची आहे. तो कारखाना आता राहिलेला नाही. रेघ पूर्ण एक फेरा सरकली, तोटी उघडली, आणि काही आले नाही. टाकीत सहाचा दाब होता. उघड्या तोटीतून हवासुद्धा आली नाही.

मेंदे म्हणाले, "बघ. ठणठणीत कोरडी."

मी म्हणाले, "मीही असंच म्हणत होते, मेंदे. कोरडी असती तर हवा आली असती. तोटी बुजलीय." मी छिन्नीच्या मुठीने टाकी वाजवून दाखवली. वरच्या बाजूला टणटण, टाकीच्या मध्याखाली बद्द.

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मला समजावल्यासारखे म्हणाले, "रात्का, तुझी वही कचेरीत काचेत ठेवलीय. मी स्वतः वाचलीय. तू एक दिवस पाणी काढायला चुकली नाहीस, तरी तुमची टाकी फुटली. म्हणजे पाण्याशी काही संबंध नाही. ट्रायाननं हवा सोडली नाही. सरकारनं लिहून दिलंय. आम्ही हवा सोडूनच पट्ट्याला हात लावतो. झालं."

मी त्यांना खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "तुला झोप लागत नसेल, समजतो मी. घरी जा." त्यांच्या जागी मी असते तरी अहवालावरच विश्वास ठेवला असता.

१५. मेंदे यांच्या पत्नी दगडाला पॉलिश करतात. त्यांचे स्टूल टाकीला टेकून आहे. तिथे ऊब असते.

१६. लेकीच्या लग्नामुळे मेंदे यांची शेड हा आठवडाभर बंद आहे. सोमवार, दि. ८ सप्टेंबर रोजी सकाळी सात वाजता ती उघडेल. त्यापूर्वी आपण माणूस पाठवून कॉम्प्रेसरला सील लावावे. टाकीतली हवा उतरवताना कोणी तिच्याजवळ उभे राहू नये. नळी दारापर्यंत ओढून बाहेरून सोडावी. टाकी तपासायची झाल्यास हवा भरून नव्हे, पाणी भरून तपासावी. पाण्याने फाटली तर नुसती गळते. हे श्री. लाझार यांना ठाऊक आहे. मी त्यांना शिकवत नाही.

१७. दोन विषय असल्याच्या कारणावरून हा अर्ज परत करू नये. दोहोंपैकी एकच चालणार असेल, तर पहिला काढून टाकावा. त्याला मुदत नाही. श्रीमती वेलिका यांना मी तसे विचारून घेतले आहे. त्या म्हणाल्या, "त्यानंही हेच आधी केलं असतं. दे."

सही आधीच्या अर्जांवरील सहीशी जुळत नाही असा शेरा मागच्या खेपेस आला होता. पेन हातात आहे की नाही हे मला दर वेळी सारखे कळत नाही. सही माझीच आहे.

आपली,
या प्रकरणी जिला विचारावे अशी,

रात्का कुझेस्का

कामेनदोल, शुक्रवार, दि. ५ सप्टेंबर २०१४. अर्ज खिडकीवर सकाळी आठ वाजता समक्ष दिला.

सोबत :
१. श्रीमती वेलिका मिर्चेस्का यांचे संमतिपत्र.
२. माझ्या हातांबाबत डॉक्टरांचा दाखला.
३. मिर्चेस्की यांच्या टाकीच्या तपासणीची नक्कल, २००९.
४. बोश्को यांच्या टाकीतले पाणी, एक बाटली. झाकण घट्ट आहे.
५. मेंदे रिस्टेस्की यांच्या टाकीतले पाणी : निघाले नाही.